बंड्याचं नाक आणि आतली बुरशी

आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं, नाक वाहायला लागलं ते उजव्या बाजूने. डावी नाकपुडी कोरडी ठणठणीत आणि उजवीतून दाट, पिवळट-हिरवा शेंबूड. शिंका एकामागून एक यायच्या आणि शिंकून झालं की तो पुढच्या पंजाने थोबाड घासायचा. सर्दी, ॲलर्जी, विषाणूचा संसर्ग असल्या गोष्टी सहसा दोन्ही नाकपुड्यांना धरतात. एकाच बाजूने वाहतंय म्हणजे त्या बाजूला काहीतरी ठाण मांडून बसलंय: गवताचं कुसळ, वरच्या दाताच्या मुळाशी साठलेला पू, गाठ किंवा बुरशी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ही यादी पहिल्याच भेटीत सांगितली होती. बुरशीचं नाव त्यात शेवटी होतं.

आधी अँटिबायोटिक झालं. गोळ्या सुरू असेपर्यंत स्राव पातळ व्हायचा, रंग उतरायचा, घरात सगळे खूश. कोर्स संपला की पुन्हा तेच. याचं कारण पुढे कळलं. बुरशीने नाकातलं अस्तर खराब केलं की त्यावर जिवाणू वस्तीला येतात. अँटिबायोटिकने ते जिवाणू मरतात, तेवढ्यापुरतं नाक सुधारतं, बुरशीला मात्र ढिम्म काही होत नाही. म्हणजे औषधाने पडलेला फरकच निदान लांबवतो. यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नाक वाहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला कोणी भूल देऊन सीटी स्कॅनच्या यंत्रात सरकवत नाही, सरकवूही नये.

मग घोळणा फुटला. एक जोराची शिंक आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. आई म्हणाली, "अगं, उष्णतेचं असेल, डोक्यावर ओला फडका ठेव." माणसाच्या पोरांना लागू पडणारा हा तोडगा कुत्र्याला लागू पडत नाही. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तर पहिला प्रश्न असतो की दोष नाकात आहे की रक्तात. गोचीडतापात प्लेटलेट्स कोसळतात आणि रक्त नाकातून येतं. उंदराचं विष पोटात गेलं असेल तर रक्त गोठतच नाही. रक्तदाब फार वाढला तरी घोळणा फुटतो. त्यामुळे नाकाकडे वळण्याआधी रक्त काढलं: प्लेटलेट्स, गोचीडतापाची तपासणी, रक्त गोठायला लागणारा वेळ, यकृत, मूत्रपिंडं. शेपटीला पट्टा गुंडाळून रक्तदाबही मोजला. सगळं ठीक निघालं. या तपासण्यांचा आणखी एक उपयोग असतो. पुढे नाकात दुर्बीण घालून तुकडा काढायचा तर रक्तस्राव होणारच, तेव्हा रक्त नीट गोठतं की नाही हे आधीच माहीत असायला हवं.

आमच्या डॉक्टरांनी इथे हात जोडले असं नाही, पण स्पष्ट सांगितलं, "ताई, आता हे बाहेरून बघण्यासारखं राहिलेलं नाही. सीटी आणि नाकाची दुर्बीण दोन्ही एकाच छपराखाली असेल अशा ठिकाणी न्या." जाताना एक ताकीद दिली, की मधल्या काळात कोणी कितीही आग्रह केला तरी स्टेरॉइड द्यायचं नाही. स्टेरॉइडने सूज उतरते आणि कुत्रा काही दिवस टवटवीत दिसतो, पण बुरशी असली तर तिला रान मोकळं मिळतं.

त्यांनी सांगितलेल्या अशा दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सीटीचं नाव काढण्याआधी बराच वेळ नुसता बंड्या बघितला. मला ही सगळी भानगड समजायला लागली ती त्या अर्ध्या तासात. आधी त्यांनी त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. उजव्या नाकपुडीच्या कडेचा काळा रंग उडून तिथे गुलाबी पट्टा उमटला होता आणि त्यावर बारीक चिरा, खपल्या होत्या. आम्ही ते रोज पाहत होतो आणि सतत पुसून पुसून कातडी सोलली असेल असं धरून चाललो होतो. मॅडम म्हणाल्या, बुरशीच्या आजारात नाकपुडीचा रंग असा जातो, तिथे व्रण पडतात, आणि बाकीच्या कारणांत हे फारसं दिसत नाही. मग त्यांनी नाकाच्या दांड्यावर आणि भुवईच्या वर, कपाळावर, बोटाने हलकेच दाबलं. बंड्याने मान झटकली. एरवी तोंडात हात घातला तरी गप्प राहणारा प्राणी तो. हे दुखणंही बुरशीकडेच बोट दाखवणारं.

त्यानंतर त्यांनी काचेची एक पट्टी त्याच्या नाकपुड्यांखाली धरली. श्वासाच्या वाफेचे दोन डाग उमटले, दोन्ही जवळजवळ सारखे. मी म्हटलं, "म्हणजे उजवी बाजू बंद नाही?" त्या म्हणाल्या, "नाही ना, आणि तेच महत्त्वाचं." गाठ वाढत जाते तशी जागा भरत जाते आणि त्या बाजूची हवा अडते. बुरशीचं उलटं आहे. ती आतलं पोखरते, जागा रिकामी करते, त्यामुळे हवा उलट जास्तच मोकळी वाहते. इतका शेंबूड, इतकं रक्त, आणि तरी नाकपुडी वाहती. काचेच्या एका साध्या पट्टीने गाठीची शक्यता मागे ढकलली. अर्थात मोडीत काढली नाही, असंही त्यांनी लगेच बजावलं.

कुत्र्याचं वय, जात, बांधा हेही बघितलं जातं. हा आजार बहुतेक करून लांब किंवा मध्यम लांबीच्या नाकाच्या, तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांना होतो: जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर वगैरे. बंड्या कुठल्याच जातीचा नाही, पण नाक मात्र शेफर्डलाही लाजवेल असं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हा क्वचितच दिसतो. मांजरांत नेमकं उलटं आहे. पर्शियनसारख्या बसक्या चेहऱ्याच्या मांजरांना त्याचा धोका जास्त, आणि त्यांच्यात तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरतो.

मी विचारलं, नाकातला शेंबूड कापसाच्या काडीवर घेऊन कल्चरला, म्हणजे त्यातून काय उगवतं ते प्रयोगशाळेत बघायला, का पाठवत नाही? स्वस्तात, बिनभुलीचं काम होईल. बहुतेक लोक हेच विचारतात, असं त्या म्हणाल्या. ही बुरशी म्हणजे ॲस्परजिलस, त्यातही बहुतेक वेळा ॲस्परजिलस फ्युमिगॅटस. माती, कुजका पालापाचोळा, सडकं गवत, धूळ, सगळीकडे ती असते. तिचे बीजाणू 2 ते 3 मायक्रॉनचे, म्हणजे हवेवर सहज तरंगणारे. जमीन हुंगणारा प्रत्येक कुत्रा ते रोज ओढून घेतो. त्यामुळे निरोगी कुत्र्याच्या नाकातल्या काडीवरही ही बुरशी उगवू शकते. आणि आजारी कुत्र्याच्या नाकातून घेतलेल्या काडीवर ती उगवेलच असंही नाही, कारण खरी वसाहत खूप आत असते आणि काडी पुढच्या शेंबडातच फिरते. असल्यावर सिद्ध होत नाही आणि नसल्यावर सुटका होत नाही, अशा तपासणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, हे मला पटलं.

रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी मात्र त्यांनी केली. ती पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता बरीच वाढते, निगेटिव्ह आली तर काहीच सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. आमची निगेटिव्ह आली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मॅडमनी रिपोर्ट बघून फाइलमध्ये ठेवला आणि सीटीची तारीख दिली.

आधी सीटी, मग दुर्बीण, दोन्ही एकाच भुलीत. हा क्रम बदलून चालत नाही. दुर्बिणीने आणि तुकडा काढल्याने नाकात रक्त साचतं, आणि ते साचलेलं रक्त सीटीच्या चित्रात सूज आहे की गाठ आहे की बुरशी, असा घोळ घालतं. बंड्याला उपाशीपोटी नेला, शिरेत सुई लावली, भूल दिली, घशात नळी घातली. मला पडद्यासमोर बसू दिलं. चित्रांबद्दल मी थोडं सविस्तर लिहिते, कारण रोगाचं सगळं गणित मला तिथे दिसलं.

कुत्र्याच्या नाकात हाडांच्या कागदासारख्या पातळ सुरळ्या असतात, अस्तराने मढवलेल्या. हवा त्यांच्यामधून वळणं घेत जाते, तापते, ओलसर होते, गाळली जाते. डाव्या बाजूला या सुरळ्यांची रेखीव नक्षी दिसत होती. उजव्या बाजूला नक्षी नव्हतीच. तिथे काळी पोकळी होती, आणि सीटीत काळं म्हणजे हवा. पोकळीच्या कडेने जाडसर, खडबडीत अस्तर. वर कपाळाच्या हाडात जी रिकामी खोली असते, फ्रॉन्टल सायनस, तिच्याही भिंतीला तसाच जाड थर चढलेला, आणि भोवतीचं हाड डावीपेक्षा जाड झालेलं. भुवईच्या वर दाबल्यावर त्याने मान का झटकली, त्याचं उत्तर समोर होतं.

मॅडमची नजर मात्र सारखी एकाच जागी जात होती. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये भोकाभोकांचं एक पातळ हाड असतं. वासाच्या नसा त्याच्यातूनच मेंदूत जातात. बुरशीने ते खाल्लं असेल तर नाकात ओतलेलं औषध थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतं आणि झटके येऊ शकतात. म्हणून औषध कसं द्यायचं हे त्या हाडाच्या अवस्थेवर ठरतं. काप पुढे-मागे करून त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं. हाड शाबूत होतं. हे हाड गेलेल्या कुत्र्यांना तोंडाने गोळ्या देतात, किंवा धोका तोलून, मालकाला सगळी कल्पना देऊन, तरीही नाकातच औषध भरतात. प्रत्येक केस वेगळी.

साध्या एक्स-रेवरही थोडंफार कळतं, तोंड उघडं ठेवून वरून काढला तर. पण नाकाच्या सगळ्या सुरळ्या त्यात एकमेकांवर चढतात आणि मेंदूकडचं ते पातळ हाड त्यात नीट कळत नाही. सीटी परवडण्यासारखा नसेल तर एक्स-रे आणि दुर्बीण यावरही निदान होतं. परवडत असेल तर मी सीटीच म्हणेन.

मग दुर्बीण. आधी वाकणारी दुर्बीण तोंडातून घालून, टाळूच्या मागून वर वळवून, नाकाचा मागचा दरवाजा पाहिला. तिथे गाठ नाही, कुसळ नाही. मग पुढून, नाकपुडीतून. थोडा शेंबूड खेचून काढल्यावर कॅमेरा त्या पोकळीत उतरला, आणि पडद्यावर राखाडी-पांढरे गालिचे दिसले, मध्येमध्ये हिरवट झाक असलेले, भिंतीला चिकटलेले. ओल धरलेल्या भिंतीवर बुरा चढावा तसे. नाकातल्या बुरशीच्या निदानात यापेक्षा पक्की गोष्ट नाही. मॅडमनी चिमट्याने त्यातला एक पापुद्रा उचलला, काचेवर पसरला, रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. आडवे पडदे असलेले, फाटे फुटलेले तंतू. डोळ्यांसमोर बघून उचललेल्या पापुद्र्याचं हे परीक्षण जवळजवळ हमखास बोलतं. आंधळेपणाने घेतलेल्या काडीला ते का जमत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

खालच्या अस्तराचे तुकडे वेगळे पाठवले, कारण बुरशीच्या आड गाठ लपलेली असू शकते. गाठ निघाली नाही, नुसती जुनाट सूज. पापुद्र्याच्या कल्चरमध्ये फ्युमिगॅटसच उगवली. इथे कल्चरला अर्थ होता, कारण ते नेमक्या जागेवरून घेतलेलं होतं.

मग उपचाराची निवड आली. मला अर्थातच गोळ्या हव्या होत्या. रोज जेवणात घालायच्या, भूल नाही, भोकं नाहीत. मॅडमनी जे उत्तर दिलं त्याने माझं मत फिरलं. ही बुरशी कुत्र्याच्या शरीराच्या आत नसते. ती अस्तराच्या वर, हवेच्या पोकळीत वाढते, अस्तर भेदून सहसा खाली जात नाही. आतलं हाड झिजतं ते तिच्या विषांमुळे आणि तिच्याशी झगडणाऱ्या शरीराच्या सुजेमुळे. गोळीतलं औषध रक्तातून अस्तरापर्यंत येतं, पण रक्त अस्तराशी थांबतं आणि बुरशीचा जाड थर त्याच्या पलीकडे असतो. म्हणून इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्यांनी एकट्याने बरे होणारे कुत्रे कमी. शिवाय गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, भूक मरते, यकृतावर ताण येतो, दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं, आणि क्वचित अंगावर व्रण उठतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी द्यायची, पित्ताच्या गोळीबरोबर द्यायची नाही, आणि सुट्ट्या पावडरीपासून बनवून दिलेलं इट्राकोनॅझोल शरीरात धड शोषलं जात नाही, ही माहितीही तेव्हाच मिळाली. गोळ्यांवर असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना ती उपयोगी पडेल.

म्हणजे करायचं काय, तर बुरशी जिथे आहे तिथे जाऊन ती खरवडून काढायची आणि मग औषध त्याच जागी ओतायचं. मॅडमच्या मते यात खरवडण्याचा वाटा औषधापेक्षा मोठा. थर तसाच ठेवून वरून कितीही औषध ओता, ते वरच्या पापुद्र्याला लागतं, खालचा जिवंत राहतो. या आजाराबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात औषधाच्या नावावर पानंच्या पानं असतात आणि सफाईवर एखादी ओळ. मला हे प्रमाण उलटं हवं असं वाटतं.

त्या दिवशी बराच वेळ सफाईच चालली. दुर्बिणीने बघत चिमट्याने पापुद्रे काढायचे, सलाइनच्या पिचकाऱ्या मारायच्या, रक्त आलं की थांबायचं, पुन्हा बघायचं. कपाळातल्या पोकळीत नाकातून नीट पोचता येईना. मग भुवईच्या वरच्या भागातले केस काढून, कातडीला छोटा छेद देऊन, हाडाला भोक पाडलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण भोक अगदी बारीक होतं आणि त्यातून पोकळीची सफाई थेट करता आली. आत बुरशीचा एक गोळाच निघाला. काही कुत्र्यांत बुरशी फक्त या कपाळाच्या पोकळीतच असते आणि नाक जवळजवळ स्वच्छ दिसतं. दुर्बीण नाकात फिरवून काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, ते यासाठी.

मग औषध. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेलं. कशात विरघळवलंय हे बारकाईने बघतात, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉलमधल्या द्रावणाने घसा सुजून श्वास अडण्याचा धोका असतो. काही ठिकाणी क्लोट्रिमॅझोलऐवजी एनिलकोनॅझोल वापरतात. नाकाच्या मागच्या दाराशी फुग्याची नळी बसवून फुगा फुगवला, म्हणजे औषध घशात उतरणार नाही. घशात गॉजच्या पट्ट्या भरल्या. नाकपुड्याही पुढून फुग्याच्या नळ्यांनी बंद केल्या. नाक असं दोन्हीकडून बुचं लावून औषधाने भरलं आणि तासभर तसंच ठेवलं. दर 15 मिनिटांनी कुशी बदलायची: पाठीवर, एका कुशीवर, पोटावर, दुसऱ्या कुशीवर, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला औषध लागतं. शेवटी डोकं खाली करून सगळं निथळू दिलं, पट्ट्या मोजून बाहेर काढल्या, आणि कपाळाच्या भोकातून पोकळीत क्लोट्रिमॅझोलचं मलम भरलं. ते आत राहून हळूहळू झिरपत राहतं. सगळ्याच ठिकाणी याच पद्धतीने करतात असं नाही. कुठे नुसतं मलम भरतात, कुठे तासाऐवजी थोडक्यात भिजवतात आणि मलमावर भिस्त ठेवतात. पण सफाई कुठेच टळत नाही.

घरी आणल्यावरचे पहिले दिवस अस्वच्छ होते, दुसरा शब्द नाही. शिंकेबरोबर पांढरं चिकट मलम, रक्ताचे धागे, बुरशीचे राहिलेले तुकडे बाहेर पडायचे. आम्ही भिंतीला प्लास्टिक चिकटवलं आणि सतरंज्या उचलून ठेवल्या. कपाळाच्या टाक्यांवर पंजा जाऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. शिंकताना हवा त्या भोकातून कातडीखाली शिरायची आणि भुवईच्या वर मऊ फुगा यायचा, दाबला की चरचर वाजायचा. हे होऊ शकतं, जखम भरली की जातं, असं आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. कशाला घाबरायचं त्याची यादी मात्र दिली होती: झटके, तोल जाणं, गुंगी, न थांबणारं रक्त, श्वासाला घरघर. यातलं काही झालं नाही. वेदनाशामक सुरू होतं. जेवणाकडे तो बघेना, कारण वासच येत नव्हता. अन्न थोडं कोमट करून दिलं तेव्हा तोंड लावलं.

आई दिवसभर त्याचं नाक पुसत बसायची आणि मग तिला शंका आली, "अगं, हे आपल्याला तर नाही ना होणार?" मी तो प्रश्न आधीच विचारला होता. कुत्र्याकडून माणसाला हा आजार लागत नाही. बीजाणू कुत्रा आणि माणूस दोघेही वातावरणातूनच घेतात. मात्र मॅडमनी विचारलं होतं की घरात कोणी केमोथेरपीवर आहे का, अवयव बदलल्यानंतरच्या गोळ्या घेतंय का, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी आहे का. तसं असेल तर त्या माणसाने नाक पुसण्याच्या वगैरे भानगडीत पडू नये आणि स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं. आमच्याकडे तसं कोणी नव्हतं. हातमोजे घालायचे आणि हात धुवायचे, एवढंच.

लोकांचा दुसरा प्रश्न असायचा, याला झाली कशी? शेजारी तर आमच्या बागेतल्या खताच्या ढिगाकडे संशयाने बघायला लागले. ढिगात ही बुरशी असते हे खरं, पण ती सगळीकडेच असते. हा आजार होणाऱ्या बहुतेक कुत्र्यांची प्रतिकारशक्ती एरवी चांगलीच असते. नाकात आधी कुसळ अडकलेलं असणं, मार लागलेला असणं अशी निमित्तं कधीकधी सापडतात. बंड्याच्या नाकात तसं काही मिळालं नाही.

आठवड्या-दीड आठवड्यात शेंबूड जवळजवळ थांबला. शिंका कमी झाल्या, रक्त बंद झालं, तो पूर्वीसारखा भुंकायला लागला. आता काय बघायचं राहिलंय, असं घरच्यांचं मत पडलं. पण 3 ते 4 आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन दुर्बीण हा ठरलेल्या उपचाराचाच भाग असतो. लक्षणं गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही आणि उलट थोडं वाहत राहिलं म्हणजे बुरशी राहिली असंही नाही. बघितल्याशिवाय कळत नाही. एका उपचारात सुमारे निम्म्याच कुत्र्यांची बुरशी पूर्ण जाते, बाकीच्यांना तो पुन्हा करावा लागतो, आणि पुन्हा करत गेल्यावर बहुतेक बरे होतात, हे मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून उपचाराचा परिणाम मोजता येत नाही, कारण बुरशी गेल्यावरही ती पातळी बराच काळ तशीच राहते. आमचा रिपोर्ट मुळातच निगेटिव्ह, तेव्हा तोही प्रश्न नव्हता.

दुर्बिणीत नाक स्वच्छ निघालं. कपाळाच्या पोकळीच्या एका कोपऱ्यात मात्र बोटाच्या नखाएवढा पांढरा ठिपका होता. बाहेरून बघता कुत्रा पूर्ण बरा झालेला आणि आत हा ठिपका. तो तसाच सोडला असता तर काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. पुन्हा सफाई, पुन्हा औषध, पुन्हा मलम. या वेळी भुलीतून उठल्यावर तो लवकर सावरला आणि घाणही कमी झाली, कारण काढायला फार काही उरलं नव्हतं. त्यानंतरच्या तपासणीत पोकळीची भिंत गुलाबी आणि गुळगुळीत होती. अस्तराचा तुकडा काढून पाठवला, त्यातही तंतू दिसले नाहीत.

नाकपुडीचा गुलाबी पट्टा कडेकडेने काळा होत गेला. व्रण त्याआधीच भरले होते. आतल्या सुरळ्या मात्र परत येत नाहीत. जिथे पोकळी झाली तिथे पोकळीच राहते. त्यामुळे हवा नीट गाळली जात नाही, ओलावा टिकत नाही, नाक सुकतं, आणि थंडीत किंवा धुळीत बंड्याला उजवीकडून पाण्यासारखं थोडं वाहतं. कधीमधी जिवाणूंचा संसर्ग होऊन तेच पिवळं होतं आणि तेवढ्यापुरतं अँटिबायोटिक घ्यावं लागतं. वासाचं म्हणाल तर लपवलेली गोष्ट तो शोधून काढतो, पूर्वीपेक्षा सावकाश. डावी बाजू शाबूत आहे.

नाक वाहिलं की आता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन जातो, आणि ते ठरावीक गोष्टी विचारतात: रंग कोणता, रक्त आहे का, कपाळावर दाबलं तर दुखतं का, नाकपुडीचा रंग पुन्हा उडतोय का. पाणी असेल आणि दुखत नसेल तर थांबून बघायचं. रक्त आलं किंवा दुखायला लागलं तर सरळ दुर्बीण, मध्ये कुठलाही कोर्स नाही. हा आजार उलटू शकतो, काही वेळा बरं झाल्यावर बऱ्याच काळाने, आणि तो जुन्या बुरशीचा उरलेला अंश की नवी लागण हे ओळखणं अवघड असतं. त्यासाठी पहिल्या सीटीची मूळ चित्रं आम्ही डिस्कवर मागून घेतली, नुसता लेखी रिपोर्ट नाही. पुन्हा सीटी काढायची वेळ आली तर पोकळी तेवढीच आहे की वाढली, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि दवाखाने जुनी चित्रं कायमची जपून ठेवतीलच असं नाही.